तापाच्या पेशंटचा नकाशा बनवायचाय (लालबाग-परळ), कोणी केलंय का असं?

गल्लीतला_कार्यकर्ता
नमस्कार मंडळी, एक मदत हवी आहे. गणपती झाले आणि आमच्या गल्लीत तापाने जो मुक्काम ठोकलाय तो हलायचं नावच घेत नाहीये. चार जुन्या चाळी, पाठीमागे दोन टॉवर, मधे एक रिडेव्हलपमेंटची साइट जिथलं काम सध्या बंद आहे आणि बेसमेंटच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय, शेजारी शाळा आणि कोपऱ्यावर भाजी मार्केट, असा एरिया आहे. काही जण डेंग्यू पॉझिटिव्ह आलेत, दोघातिघांना मलेरिया निघाला, बाकी बरेच जण टेस्ट न करता तापाची गोळी घेऊन घरीच पडलेत.

मंडळातल्या पोरांनी ठरवलं की नुसतं व्हॉट्सॲपवर काळजी घ्या काळजी घ्या करत बसण्यापेक्षा कोण कुठे आजारी पडतंय ते नकाशावर टाकूया, म्हणजे साथ कुठून येतेय ते दिसेल आणि पालिकेच्या लोकांना दाखवता येईल. गुगल माय मॅप्समध्ये सुरू केलंय, पॉझिटिव्हला लाल पिन आणि नुसत्या तापाला पिवळी. माहिती ग्रुपवरच गोळा होतेय. आता पिना बऱ्यापैकी झाल्यात आणि बघितलं तर सगळी साथ एकाच चाळीत आहे असं दिसतंय, त्यामुळे त्या चाळीतले लोक भडकलेत की आमची बदनामी करताय, उद्या आमच्या घरी कामाला बाई यायची नाही.

विचारायचं असं की यासाठी कुठलं ॲप बरं, लोकांकडून नक्की काय काय विचारून घ्यायचं, नाव आणि रूम नंबर टाकायचा की नाही, आणि एवढं करून पुढे काही होतं का? मी कॉमर्सवाला आहे, कंप्युटर येतो पण नकाशांचं काही शिकलेलो नाही. आईलाच ताप आहे घरी, म्हणून जरा घाईने विचारतोय.

नकाशेवाला_मुलुंड
भाऊ, आईची टेस्ट आधी करून घे, नकाशा संध्याकाळी बघू.

ॲपचं सांगतो कारण माझं कामच ते आहे. माय मॅप्स वाईट नाहीये, पण त्याची लिंक एकदा ग्रुपवर गेली की कुठे कुठे जाईल सांगता येत नाही आणि प्रत्येक पिनवर क्लिक केलं की तू लिहिलेलं सगळं उघडतं. म्हणून आत्ताच्या आत्ता शेअरिंग बंद कर, मग पुढचं. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, शिकायला थोडं डोकं लागतं पण तुला जे हवंय तेवढं एका रविवारात येईल. घरोघरी माहिती घ्यायला कोबो टूलबॉक्स बघ, मोबाइलवर फॉर्म भरता येतो, नेट नसलं तरी चालतं, नंतर रेंज आली की अपलोड होतो.

पण ॲपच्या आधी एक काम कर ज्याला ॲप लागतच नाही. तुझ्या एरियाचा बेस नकाशा हातात घे. ओपनस्ट्रीटमॅपवर मुंबईच्या बऱ्याच इमारती काढलेल्या आहेत, त्याची प्रिंट घे आणि पोरांना घेऊन पायी फिर. प्रत्येक चाळ, तिचा प्रत्येक जिना, टॉवरची प्रत्येक विंग, वरच्या टाक्या, जमिनीखालच्या टाक्या, विहीर असेल तर विहीर, साइटचा खड्डा, भंगारवाला, टायरवाला, सगळ्याला स्वतःचा नंबर दे. मुंबईतला पत्ता म्हणजे 'दत्त मंदिराच्या मागे, तळमजला, पानवाल्याला विचारा' असा असतो, तो कुठलाच कंप्युटर शोधून देत नाही. आणि मोबाइलच्या जीपीएसवर चाळीत विसंबू नको. उघड्या मैदानात तो पाच-दहा मीटरमध्ये जागा सांगतो पण दोन इमारतींच्या बोळात सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि पिन पलीकडच्या इमारतीवर जाऊन बसते, आणि मजला तर त्यात धड कळतच नाही. तू स्वतः दिलेला नंबर असला की हा प्रश्नच उरत नाही, माणूस म्हणतो 'ब चाळ, दुसरा जिना' आणि ठिपका बरोब्बर तिथेच पडतो.

दुसरं म्हणजे प्रत्येक इमारतीत किती घरं आहेत ते लिहून ठेव. टॉवरच्या एका विंगमध्ये ऐंशी घरं आणि चाळीत वीस घरं असतील आणि दोन्हीकडे पाच-पाच पेशंट असतील तर नकाशावर दोन्ही सारखे दिसतील, पण चाळीतला प्रकार चौपट गंभीर आहे. आणि तुझ्या ग्रुपवर कुठल्या चाळीतले लोक जास्त आहेत ते पण तपास. ज्यांनी सांगितलं त्यांच्याच पिना पडल्यात, टॉवरवाले ग्रुपवर नसतील तर त्यांचा ताप नकाशावर येणारच नाही. त्या चाळीवर आरोप होण्याआधी एवढं बघच.

डॉ_सायन_निवृत्त
मुलुंडच्या दादांनी छान सांगितलंय. माझी सगळी नोकरी साथीच्या आजारांमध्ये गेली म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

आईंबद्दल आधी. ताप येऊन पाच दिवसांच्या आत असाल तर डेंग्यूसाठी एनएस१ टेस्ट, त्यानंतर आयजीएम, आणि सोबत मलेरियासाठी रक्ताची काच बघून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी नको, ब्रुफेन नको, ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा लोक सुटकेचा निःश्वास टाकतात पण धोक्याचे दिवस तेच असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटलला न्या. तुमच्याकडे केईएम हाकेच्या अंतरावर आहे, थांबू नका.

आता नकाशा. साथ आणि नकाशा म्हटलं की सगळे १८५४ चं लंडन सांगतात. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती दाटलेले दिसले, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट खरी आहे, पण दांडा निघाला तो त्याने दारोदार जाऊन केलेल्या चौकशीवर, नकाशा त्याने नंतर छापला. आणि त्या चौकशीत त्याला सगळ्यात कामाला आले ते नियमाबाहेरचे लोक. पंपाच्या शेजारीच दारूची भट्टी होती, तिथले कामगार आजारीच पडले नाहीत, कारण ते बिअर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. आणि तिकडे लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली जिच्या आसपास कुठेच साथ नव्हती, चौकशी केली तर तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज तिथून बाटली मागवायची. घर लांब, पाणी मात्र तेच. नुसत्या घरांच्या ठिपक्यांवर विसंबला असता तर ही बाई हिशेबाबाहेर राहिली असती.

लंडनला जायचीही गरज नाही, तुमच्या परळमध्येच याहून मोठं काम झालंय. १८९६ मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला, पुढे प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि १९०५ नंतर प्लेग कमिशनच्या लोकांनी तिथून काम करत एक गोष्ट केली. माणसं कुठे मरतात हे तर लिहिलंच, पण प्लेगने मेलेले उंदीर कुठल्या गल्लीत, कुठल्या तारखेला सापडले तेही शहरभर लिहून काढलं. तेव्हा दिसलं की उंदरांची साथ आधी येते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी त्याच भागात माणसं पडायला लागतात. म्हणजे उंदरांचा नकाशा असेल तर तुमच्या हातात दहा दिवस असतात, माणसांचा नकाशा असेल तर हातात काहीच नसतं, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पेशंटचा नकाशा मागचं दाखवतो. तुम्हाला पाण्याचा नकाशा करायचाय.

पेशंटची माहिती लागेल, पण ती आजाराप्रमाणे वेगवेगळी विचारावी लागते. डेंग्यूचा डास, एडिस, दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी ताप येतो. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलाचा ठिपका घरावर टाकलात तर चूक होण्याची शक्यता भरपूर आहे, तो शाळेत चावून घेऊन आलेला असू शकतो. बाई मार्केटमध्ये बसत असेल तर मार्केटवर. म्हणून प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचेच, ताप नक्की कुठल्या तारखेला सुरू झाला आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत दिवसा कुठे असायचात. रिपोर्टची तारीख घेऊ नका, लोक चौथ्या-पाचव्या दिवशी टेस्ट करतात, त्यात सगळा क्रम बिघडतो. फक्त आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर अजून सावध राहा, ते दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, कदाचित जुना डेंग्यू असेल. आणि प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू असं लिहू नका, मलेरियातही कमी होतात, लेप्टोतही (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) होतात.

मलेरियाचा मुंबईतला डास, ॲनोफिलिस स्टीफेन्साय, रात्री चावतो, त्यामुळे तिथे झोपण्याची जागा महत्त्वाची, म्हणजे घर, किंवा साइटवरच्या वॉचमनची पत्र्याची खोली. हा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागतं, छपरावरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचं साठलेलं पाणी. २०१० साली मुंबईत मलेरियाने किती माणसं नेली ते ज्यांनी वॉर्डात बघितलंय ते अजून टाकीचं झाकण बघितल्याशिवाय खाली उतरत नाहीत. यातही एक गुंता आहे, व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया लिव्हरमध्ये लपून राहतो आणि कित्येक महिन्यांनी परत उसळतो, म्हणून 'आधी कधी झाला होता का' आणि 'गेल्या काही महिन्यांत गावाला जाऊन आलात का' हे विचारा. जुन्या किंवा बाहेरून आलेल्या मलेरियाला तुमच्या गल्लीचा ठिपका द्यायचा नाही.

लेप्टो कुठे निघाला तर तिथे घराचा पत्ता जवळजवळ निरुपयोगी आहे, तो माणूस कुठल्या साचलेल्या पाण्यातून चालला ते शोधायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे जे पेशंट आले ते राहायला कुठेही असोत, पाण्यातून चालत घरी गेलेले लोक होते. आणि जुलाब-उलट्यांची साथ आली तर पाइपलाइनचा नकाशा काढा, कुठल्या चाळींना एकाच लाइनचं आणि एकाच वेळी पाणी येतं ते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो, तेव्हा फुटक्या जागेतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटल्यावर पहिल्या बादलीत येतं. आजारी घरं विखुरलेली दिसतात, लाइन काढली की एका रांगेत येतात.

किती ठिपके जवळ आले की 'इथे काहीतरी आहे' म्हणायचं, याला सिंगापूरचा नियम सोपा आहे. १५० मीटरच्या आत आणि १४ दिवसांच्या आत ताप सुरू झालेले दोन किंवा जास्त डेंग्यू पेशंट म्हणजे क्लस्टर. एडिस फार लांब उडत नाही, सहसा चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणून एवढा छोटा गोल पुरतो. त्या गोलातलं प्रत्येक पाणी बघायचं, काम संपलं.

विक्रोळीचा_अभी
मला वाटतं नकाशा उघडाच ठेवायला हवा. लोकांना दिसलं की आपल्या बिल्डिंगमध्ये एवढे पेशंट आहेत तरच सेक्रेटरी हलतात, नाहीतर मीटिंगमध्ये चहा पिऊन विषय पुढच्या महिन्यावर जातो. कोविडमध्ये सगळं उघड होतं म्हणूनच लोक सावध झाले ना. सिंगापूर पण वेबसाइटवर टाकतंच की.

आरोग्यसेविका_ताई
अभी दादा, कोविडमध्ये मी दारोदार फिरलेय म्हणून सांगते. बिल्डिंगला बोर्ड लागायचा, पत्रे लागायचे आणि मग पुढच्या वेळी ताप असला तरी लोक दार उघडून 'सगळे बरे आहेत ताई' म्हणायचे आणि आतून खोकल्याचा आवाज यायचा. ज्या दिवशी लोकांना वाटतं की सांगितलं तर आपलं नाव होईल त्या दिवसापासून खरी माहिती येणं बंद होतं. आत्ताच बघा ना एका चाळीचे लोक भडकलेत, पुढच्या आठवड्यात ते ताप लपवतील आणि नकाशावर तिथे सगळं छान दिसेल.

मी फिल्डवर काय करते ते सांगते. दार उघडलं की पहिला प्रश्न तापाचा विचारायचाच नाही, पाण्याचा विचारायचा, पाणी किती वाजता येतं, पुरतं का, पिंप किती भरून ठेवता. बायका लगेच बोलतात कारण तो त्यांचा रोजचा त्रास आहे, बोलता बोलता आत घेऊन जातात, पिंप बघायला मिळतं आणि मग ताप कोणाला आहे ते आपोआप कळतं. दुपारी दोन ते चार जा, सकाळी पाण्याची घाई असते आणि संध्याकाळी स्वयंपाक. सोबत एक तरी मुलगी किंवा बाई असू द्या, चार पोरं एकदम दारात उभी राहिली तर आजी घाबरते.

पिंप फेकून द्या, रिकामं करा असं सांगू नका हो. ज्या घरात पाणी तासभरच येतं तिथे पिंप म्हणजे दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक आहे. झाकण नसेल तर जुनी साडी दुहेरी करून घट्ट बांधायला सांगा, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामं करून आतून काथ्याने घासायला सांगा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी भरलं की परत अळ्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात म्हणून आठवड्याचा वार ठरवलेला असतो, दर वेळी तोच वार ठेवा.

टॉवरमध्ये पिंप नसतं पण फ्रिजच्या मागचा ट्रे, बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, एसीचं पाणी जमवलेली बादली, पोडियमवरचं बंद पडलेलं कारंजं, हे बघा. चाळीत पत्र्यावर टाकलेली ताडपत्री आणि तिच्यावर ठेवलेले टायर. मंडपाची ताडपत्री काढलीत का तुम्ही? गणपतीनंतर ती गच्चीवर घडी करून टाकलेली असते आणि घडीत पाणी साठतं.

आणि बंद खोल्या! नकाशावर बंद खोलीला वेगळी खूण करा. चाळीत कितीतरी खोल्यांचे मालक विरारला, डोंबिवलीला राहायला गेलेत, आत बादली भरलेली आहे की संडासात पाणी आहे कोणाला माहीत नसतं. आम्ही 'बंद' लिहून पुढे जातो, तुम्ही स्थानिक आहात, तुम्हाला मालकाचा फोन मिळू शकतो.

दादरचा_वाचक
ताईंना पूर्ण पाठिंबा. माझ्या भावाच्या सोसायटीत टीबीच्या पेशंटचं नाव फुटलं होतं, त्या मुलीला लिफ्ट वापरू नको म्हणाले. औषध चालू होतं, तिच्यापासून कोणाला धोका नव्हता, तरी. नाव आणि रूम नंबर कुठल्याही शेअर केलेल्या फाइलमध्ये असता कामा नये. सिंगापूर जे टाकतं ते भागाचा गोल आणि पेशंटची संख्या टाकतं, कोणाच्या दारावर पिन टाकत नाही, एवढा फरक अभीने लक्षात घ्यावा.

विक्रोळीचा_अभी
बरोबर आहे, ताईंचं पटलं. मग असं करता येईल का, पाण्याचा नकाशा सगळ्यांना उघडा आणि पेशंटचा बंद? टाकी उघडी आहे हे नोटीस बोर्डावर लावलं तर टाकीची बदनामी होत नाही आणि सेक्रेटरीला काम पण करावं लागेल.

नकाशेवाला_मुलुंड
अभी, हेच. दोन वेगळ्या फाइली ठेवायच्या. पेशंटची फाइल एकाच माणसाकडे, तिच्यात नाव नाही, फक्त इमारतीचा नंबर, वयोगट, ताप सुरू झाल्याची तारीख, दिवसाची जागा, झोपायची जागा, टेस्ट कुठली आणि निकाल काय. आणि बाहेर दाखवायचा तो पाण्याचा नकाशा, टाकी नंबर, झाकण आहे की नाही, कधी बघितली, अळी होती का, काय केलं. रंग आठवड्याप्रमाणे दे, या आठवड्यात बघितलेली हिरवी, अळी सापडलेली लाल, बघायची राहिलेली राखाडी. मला विचारशील तर राखाडीवर सगळ्यात आधी लक्ष दे.

गल्लीतला_कार्यकर्ता
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. आईचा एनएस१ पॉझिटिव्ह आलाय, डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं सगळं घरात सांगितलंय, सध्या खातेपिते आहे, लघवी नीट होतेय, बहीण रात्री जागतेय.

माय मॅप्सचा नकाशा काल बंद केला आणि त्या चाळीतल्या काकांना जाऊन भेटलो, त्यांना सांगितलं की आता पेशंट नाही, टाक्या बघणार, तर ते म्हणाले मग मीच येतो, गच्चीची चावी माझ्याकडे असते. आज पोरांनी प्रिंट घेऊन पहिली फेरी मारली. आणि मॅडम, तुमचा दिवसाच्या जागेचा प्रश्न विचारला आणि चित्रच वेगळं झालं, डेंग्यूवाल्यांमध्ये वेगवेगळ्या इमारतींतली मुलं आहेत पण निम्मी एकाच क्लासला जातात दुपारी, तो क्लास साइटच्या भिंतीला लागून तळमजल्यावर आहे. आईसुद्धा तिथेच खाली दुपारी भाजी निवडत बसते बायकांबरोबर. मंडपाची ताडपत्री ताई म्हणाल्या तशीच गच्चीवर निघाली, घडीत पाणी होतं, पण अळ्या ओळखता आल्या नाहीत आम्हाला, फोटो काढलाय. क्लासच्या बाहेर रंगाचे रिकामे डबे ठेवलेत कोणीतरी, त्यात तर वळवळत होतं.

आता दोन प्रश्न. साइटच्या आत आम्हाला सोडत नाहीत, वॉचमन म्हणतो मालकाची परवानगी आणा. आणि पालिकेच्या माणसांना नक्की काय द्यायचं, हा रंगीत नकाशा की अजून काही? लोकांचं एकच चाललंय की धुराची गाडी बोलवा.

आरोग्यसेविका_ताई
डबे आजच उलटे करा, फोटो काढत बसू नका. पाणी कोरड्या जमिनीवर ओता, गटारात किंवा दुसऱ्या पाण्यात नको. एडिसची अळी पाण्यात डोकं खाली करून तिरकी लटकते आणि सावली पडली की खाली पळते. मलेरियाची अळी पाण्याच्या वरच्या बाजूला आडवी तरंगते. एवढं बघितलं तरी ओळखता येईल. आईला जपा.

डॉ_सायन_निवृत्त
छान काम केलंत. आईंना पाणी, ताक, शहाळं, जे जाईल ते देत राहा आणि त्यांना दिवसा मच्छरदाणीत झोपवा, लोक रात्रीच लावतात. तापाच्या दिवसांत त्यांना चावलेला डास पुढे आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो.

धुराबद्दल लोकांना नीट समजवा. धूर उडणारे डास मारतो आणि तो विरला की संपलं, अळ्यांना त्याने काही होत नाही, दोन-चार दिवसांत नवीन डास बाहेर येतात. पेशंट दाटलेल्या ठिकाणी त्याचा उपयोग आहे, पण क्लासच्या बाहेरचे डबे तसेच राहिले असते तर रोज धूर करून काही झालं नसतं.

साइटच्या आत तुम्ही जाऊ नका, खड्डा खोल असतो आणि तुम्हाला अधिकारही नाही. जागेच्या मालकावर डासांची उत्पत्ती होऊ न देण्याची जबाबदारी आहे, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३८१ खाली पालिका नोटीस देऊ शकते. कीटकनाशक विभागाचे लोक आत जाऊन बघतील, पाण्यात अळीनाशक टाकतील, पाणी उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडतील. बाहेरून, शेजारच्या गच्चीवरून तारखेसकट फोटो काढा आणि वॉर्डातल्या कीटकनाशक विभागात लेखी द्या, १९१६ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच कागदावर लिहा. आणि त्या वॉचमनशी भांडू नका. तो आणि त्याचं कुटुंब त्या खड्ड्याच्या काठावर झोपत असतील तर तुमच्या सगळ्या गल्लीत जास्त धोका त्यांनाच आहे, त्यांच्यापैकी कोणाला ताप असेल तर रक्त तपासायला तुम्हीच घेऊन जा. तुमच्या त्या दोघातिघा मलेरियावाल्यांमध्ये साइटवरचं कोणी आहे का, ते बघितलंत का?

पेशंटची आकडेवारी पालिकेला नव्याने द्यायची गरज नाही. सरकारी दवाखाने आणि मोठी हॉस्पिटलं डेंग्यू-मलेरियाचे पेशंट कळवतात, २०२१ पासून देशभरात आयएचआयपी म्हणून डिजिटल यंत्रणा आहे, तिच्यात जागेसकट नोंद होते. तुमच्याकडे जे आहे ते तिच्यात नाहीये, म्हणजे घरी पडलेले, टेस्ट न केलेले, आणि दुपारी कोण कुठे बसतं ते. तो क्लासचा धागा कुठल्याही हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये सापडला नसता, तिथे ती मुलं वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहिलेली आहेत. तो मात्र एका ओळीत नक्की लिहा.

रंगीत नकाशा द्या पण त्याच्या मागे एक साधा तक्ता जोडा. वॉर्डाचा माणूस पाठीवर पंप आणि हातात शिडी घेऊन येतो, त्याच्याकडे तुमच्या गल्लीसाठी फार तर एक सकाळ असते. कितीतरी वेळा तो टाकीपर्यंत पोचतो आणि गच्चीला कुलूप असतं, सेक्रेटरी ऑफिसला गेलेले, परत फिरतो. म्हणून टाकीचा नंबर, कुठल्या जिन्याने वर जायचं, शिडी लागते का, आणि चावी कोणाकडे व किती वाजेपर्यंत, त्यांचा फोन. काकांपासून सुरुवात झालीच आहे, बाकीच्या इमारतींच्या चाव्या उद्या शोधा.

गल्लीतला_कार्यकर्ता
मलेरियावाल्यांमधला एक साइटच्याच वॉचमनचा भाचा निघाला मॅडम, पत्र्याच्या खोलीत झोपतो. उद्या सकाळी त्या सगळ्यांना रक्त तपासायला घेऊन जातोय. टॉवरच्या दोन्ही चाव्या मिळाल्या, क चाळीची अजून नाही, तिचा मालक बदलापूरला असतो, फोन लावतोय.